शेजारणीची शेळी

सल्ला द्यायला मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. कुणाला पापड लाटायला आवडतं, कुणाला भांडायला आवडतं, तसं मला कुणी काही विचारलं की सांगायला आवडतं. आणि मी सांगते ते बरोबर असतं. याला गर्व म्हणायचं तर म्हणा, पण अकरा वर्षं मी पशुसखी आहे. पशुसखी म्हणजे गावोगाव हिंडून शेळ्यांना लस टोचणारी, जंताचं औषध पाजणारी आणि डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते सांगणारी बाई. जळकोटच्या आसपासच्या अठरा गावांत जिला माझा हात लागला नाही अशी शेळी शोधून दाखवा.

दर जानेवारीत नळदुर्गला आमच्या शेळीपालक महिला संघाचा मेळावा भरतो. हायवेलगत एक मंगल कार्यालय आहे, तिथं. परंड्यापासून बायका येतात, चारशेच्या वर. पाहुण्यांची भाषणं होतात, मध्येच एखादा ट्रक असा हॉर्न वाजवतो की पाहुणे आपलं वाक्य विसरतात, मग शाल-नारळ होतो. पण बायका खऱ्या येतात त्या दाराजवळच्या टेबलासाठी. टेबलावर ‘सल्ला केंद्र’ अशी पाटी असते आणि पाटीमागं मी बसते. पाटीवर नाव लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही, फरहानाआपा म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आता या टेबलाची एक रीत आहे. येणारी प्रत्येक बाई एकाच वाक्यानं सुरुवात करते, ‘आपा, माझ्या शेजारणीची शेळी हाय...’ स्वतःची शेळी आजारी आहे असं आमच्याकडं चारचौघांत कुणी बोलत नाही. बोललं की दृष्ट लागते, शिवाय बाजारात कुणकुण गेली की व्यापारी त्या शेळीच्या पाठीवर हातसुद्धा ठेवत नाही. पण खरं कारण बायका कबूल करणार नाहीत. शेळी आजारी पडली की घरचे म्हणतात, बाई आळशी. म्हणून मग शेजारीण पुढं करायची. चारशे बायकांच्या चारशे शेजारणी, आणि सगळ्या एकजात निष्काळजी. कुणी बुरशी आलेली पेंड घालते, कुणी लसीची तारीख विसरते. मी तोंड गंभीर ठेवून ऐकते आणि म्हणते, ‘तुमच्या शेजारणीला सांगा, असं असं करायचं.’ बाई सुटल्यासारखी उठते आणि घरी जाऊन स्वतःच्या शेळीला औषध पाजते.

मला या खेळाचं कौतुकच होतं. मीही तो खेळलेली आहे. माझी पहिली शेळी पोट फुगून तडफडत होती तेव्हा मी इथल्याच डॉक्टरांकडं धावत आले होते आणि शेजारणीची आहे म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले, शेजारणीला म्हणावं, डोळे पुसा आधी.

तर या वर्षीची गोष्ट. साडेदहाची वेळ, टेबलापुढं रांग लागलेली. पार्वतम्मांचा नंबर आला. पार्वतम्मा अक्कलकोटच्या वाटेवरच्या, माझ्या अठरांपैकीच एका छोट्या गावातल्या. सत्तरी गाठत आलेली बाई, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी, घरात कानडी आणि दारात मराठी. दरवर्षी न चुकता येतात. त्यांच्या शेजारणीइतकी वेंधळी शेजारीण साऱ्या जिल्ह्यात नसेल. दोन वर्षांपूर्वी त्या शेजारणीनं शेळीला लग्नातला उरलेला भात घातला होता.

“आपा, शेजारणीची शेळी हाय,” त्या म्हणाल्या. “पैल्या वेताची. सकाळपास्नं उठती, बसती, पायानं भुई उकरती.”

“कास भरलीया?”

“टच्च.”

“पाणी गेलं का?”

“म्या निगाले तवर न्हाय. आता शेजारीणच बघतीया तिच्याकडं.”

मी गालातल्या गालात हसले. म्हटलं, बघतीया तर बघू दे. माझा हिशेब सरळ होता. शेळी खरंच व्यायला टेकली असती तर ही बाई आठची बस धरून मेळाव्याला कशाला आली असती? म्हणजे शेळीला अजून एखादा दिवस अवकाश आहे, आणि पार्वतम्मा नेहमीसारख्या उगाच जीव काढतायत. त्यांच्यामागं अकरा बायका उभ्या होत्या, आणि संघाची अध्यक्ष दैवशाला माइकवरून दोनदा माझं नाव पुकारून गेली होती.

“शेजारणीला सांगा, जीव थोडा करू नको,” मी म्हणाले. “कोरडी जागा कर, शेळीला एकटी सोड, आन हात लावू नको. पैल्या वेताला येळ लागतोच. ती तिची ती मोकळी हुती.”

“हातच लावायचा न्हाय?”

“अजिबात न्हाय. म्या सांगते न्हवं? एवढं पक्कं सांगा.”

“हौदु,” असा कानडीत होकार देत त्या उठल्या आणि पिशवीतून फोन काढत व्हरांड्यात गेल्या. घरी नातवंडांची चौकशी करत असतील म्हणून मी पुढच्या बाईकडं वळले. ती परंड्याची होती. तिच्या शेजारणीची करडं भिंतीची माती चाटत होती. तिला क्षाराच्या विटेचं सांगितलं. तिच्यामागची शेजारणीच्या बोकडाचे खूर वाढले म्हणून आली होती आणि तिच्या पदराला त्याच बोकडाचे केस चिकटले होते. असं करता करता पाऊणला जेवणाची घंटा झाली, तोवर मी छत्तीस शेजारणींना मार्गी लावलं होतं. मोजले होते मी, खोटं कशाला बोलू.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. ताट घेऊन मी जागा शोधत होते तर भिंतीला टेकून पार्वतम्मा बसलेल्या. ताट पुढं, भाकरीचा तुकडासुद्धा मोडलेला नाही, फोन मांडीवर.

“अव्वा, जेवत का न्हाय?”

“ती रडतीया.”

“कोण?”

“शेजारीण.”

मला हसू आलं. मी जवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “अव्वा, आता पुरं की. हितं आपुन दोघीच हावोत. तुमची शेळी...”

“माजी न्हाय ओ, आपा!” त्यांचा आवाज एकदम चढला. “माज्या शेळ्या धडधाकट हायत्या. खरीच शेजारीण हाय. भिंतीला भिंत लागून घर हाय तिचं.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. अकरा वर्षांत ही वेळ आली नव्हती. म्हणजे शेळी घरी होती, तिची मालकीण तिच्यापाशी होती, आणि मी उद्या-परवाचा सल्ला आत्ताच्या शेळीला दिला होता.

“पाणी कवा गेलं?”

“पावणेबाराला. तवापास्नं कळा देतीया. एक पाय दिसतो म्हनती, आन नाकाचा शेंडा. फुडं सरकत न्हाय. ती म्हनली, अव्वा, हात घालू का? म्या म्हनले, न्हाय, आपानं पक्कं सांगितलंय, हात लावायचा न्हाय.”

पहिल्या वेताची शेळी, पाणी जाऊन तास झालेला, एक पाय आणि नाक. दुसरा पाय आत दुमडलेला असणार, म्हणजे कितीही कळा दिल्या तरी करडू बाहेर येणार नाही. अर्ध्या तासात काही सरकलं नाही तर मदत करायची, हे मी प्रत्येक गावात पाठ करून घेते. आणि आज तीच मदत मी स्वतःच्या तोंडानं अडवली होती. करडू जायची वेळ होती, आणखी उशीर झाला असता तर शेळीही गेली असती.

मी दैवशालाला हाक मारली. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावात एका अडलेल्या गाईपाशी होते. निघतो म्हणाले, पण पोचायला दीड तास लागेल.

“घरात दुसरं कुणी हाय का तिच्या?” मी विचारलं.

“नवरा टरकावर, हैदराबादकडं गेलाय. सासू न्हाय. एकलीच हाय पोर.”

“नाव काय तिचं?”

पार्वतम्मांनी मान खाली घातली. “शिवरंजनी.”

हे नाव मी वर्षभर विसरायचा प्रयत्न करत होते.

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये माझं भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि मी म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या रांगेतून एक किडकिडीत पोर उठली. लग्न होऊन वर्ष झालेलं, माहेर सीमेपलीकडचं, इकडच्या रीती अजून अंगवळणी न पडलेल्या. तिनं माइक हातात घेतला आणि म्हणाली, “माझं करडू मेलं. दोन दिसांचं होतं. माझं काय चुकलं?”

सगळा हॉल चपापला. ‘माझं’ म्हणाली होती ती. शेजारीण नाही, जाऊबाई नाही, सरळ माझं. मी विचारलं, चीक पाजला का? व्याल्यावर शेळीचं पहिलं दाट दूध असतं ना, तो चीक. ती म्हणाली, जड पडतो असं कुणी सांगितलं म्हणून पिळून टाकला. व्यासपीठावर पाहुणे बसलेले, नुकत्याच मिळालेल्या टाळ्या कानात, आणि माझ्या तोंडाला आधीच लगाम नाही. मी माइकमध्ये म्हणाले, “चीक टाकला? मग करडू मेलं न्हाय पोरी, तू मारलंस.”

बायका हसल्या. तिनं माइक हळूच खुर्चीवर ठेवला, पडू नये म्हणून सरळ केला आणि खाली बसली. संध्याकाळपर्यंत तिनं मान वर केली नाही. चीक टाकला तर करडू मरतं, हे मी बोलले ते बरोबरच होतं, असं मी वर्षभर स्वतःला समजावत आले. पण चारशे बायकांत जी एकटी खरं बोलली तिचाच मी पाणउतारा केला होता, आणि म्हणून आज तिला शेजारणीच्या आडून विचारावं लागलं होतं.

“फोन लावा,” मी पार्वतम्मांना म्हणाले.

त्यांनी लावला. मी कानाला धरला. “शिवरंजनी, म्या फरहाना बोलते...”

फोन कट झाला.

पार्वतम्मांनी पुन्हा लावला आणि या वेळी स्वतः बोलल्या, कानडीत, भराभर. मला कानडी येत नाही असं नाही, बाजारापुरती येते. तिकडून आलेलं उत्तर मला अर्धं समजलं, उरलेलं त्यांनी सांगितलं, नजर चुकवत. “ती म्हनती, त्या बाईचा आवाज नको. हात लावू नको म्हनून त्यांनीच सांगितलं. लावला असता आन करडू मेलं असतं, तर फुडच्या मेळाव्यात पुन्यांदा म्याच मारलं असतं.”

एव्हाना आमच्याभोवती बायका जमल्या होत्या. ताटं हातात, घास तोंडात. शेळी अडलीय म्हटल्यावर शेळी पाळणाऱ्या बाईला जेवण जात नाही. त्या सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, कारण आपाला मार्ग सापडतोच असा त्यांचा भरवसा. शेळीचा मार्ग मला माहीत होता हो. डोळे मिटून सांगितला असता. पण जिला सांगायचं तिनं कान बंद केले होते आणि बंद करायला मीच लावले होते. तोंडावर येऊन थांबत होते ते दोन शब्द, ‘माझं चुकलं.’ मला ते म्हणता येत नव्हते, सवयच नाही.

मग जे येत होतं तेच केलं. फोन स्पीकरवर टाकायला लावला.

“शिवरंजनी, फोन ठिवू नको,” मी म्हणाले. “माझ्या शेजारणीचं एक इचारायचं हाय.”

तिकडून शेळी कण्हल्यासारखी ओरडली. म्हणजे फोन चालू होता.

“माझी शेजारीण लई शाणी हाय. निदान तिला सवताला तसं वाटतं. गेल्या साली एका पोरीनं तिला खरं खरं इचारलं, तर ही भरल्या सभेत तिला नको ते बोलली. पोरीचं न्हाय, शेजारणीचं चुकलं. आता शेजारणीनं काय करावं, सांग बाई.”

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि शिवरंजनी म्हणाली, “शेजारणीला म्हनावं, आधी शेळीचं सांग.”

जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

“फोन कोनाड्यात ठेव, माझा आवाज येईल असा,” मी म्हणाले आणि इथून पुढं माझा आवाज थरथरला नाही. “नखं काप. न्हाय, वाढली नसली तरी काप. साबणानं कोपरापतूर हात धू, मग गोडं तेल लाव. सगळीकडं, कंजूषपणा करू नको.”

भांड्याचा आवाज, पाण्याचा आवाज. “लावलं.”

“आता बोटं मिटून, करडाच्या मानेच्या कडंनं आत घाल. कळ आली की थांबायचं, कळ गेली की सरकायचं. तिच्यासंगं जायचं, तिच्या इरुद्ध न्हाय.”

“आपा, काय कळत न्हाय. सगळं मऊच लागतंय.”

“सबूर. जनावराला घाई कळती. नाक जरासं मागं सार, कळ नसताना. मागं सारल्याबिगर जागा हुणार न्हाय. आता मानेखाली बघ, काय कठीण लागतंय का?”

किती वेळ गेला देव जाणे. माझ्या कपाळाला घाम फुटला होता, जानेवारीत. दैवशालानं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं तेही मला कळलं नाही.

“लागलं!” ती ओरडली. “काय तरी वाकडं हाय.”

“गुडघा हाय तो. शाबास! आता गुडघ्यावरनं खाली जा आन खूर मुठीत धर. खूर उघडा ठेवायचा न्हाय, आतनं फाटतं. मुठीत झाकून हळू हळू फुडं आण.”

“येत न्हाय.”

“येतंय. तुझ्या हातात हाय ते, माझ्या न्हाय. तुला माझ्यापरास जास्त कळतंय. कळ जाऊ दे, मग आण.”

शेळी अशी ओरडली की दोन बायकांनी कानांवर हात ठेवले. मग शिवरंजनीचा आवाज, धाप लागलेला, “आला. दोन पाय हायत आता. आन तोंड.”

“फुडच्या कळंला ओढ. सरळ ओढू नको, खालच्या अंगाला, शेळीच्या पायांकडं. आता!”

काहीतरी धप्पकन पडल्यासारखा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. मी हाक मारली, पुन्हा मारली.

“हलत न्हाय, आपा,” ती म्हणाली. अगदी हळू, गेल्या वर्षी माइकवर बोलली होती त्याच आवाजात.

“नाक-तोंड पूस. गोणपाट हाय का? त्यानं छाती रगड, जोरात, सोलून काढल्यागत. गवताची काडी नाकात घाल. थांबू नको. थांब म्हणेस्तवर थांबायचं न्हाय, ऐकू येतंय का?”

गोणपाटाचा खरखर आवाज येत राहिला. चारशे बायका आणि एका जागी इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. हायवेवरून एक ट्रक गेला तेव्हा पुढच्या बाईनं त्याला तिथूनच शिवी घातली. आणि मग फोनमधून एक शिंक आली, बारीकशी, ओली. तिच्यामागून करडाचं पहिलं ओरडणं.

हॉलमध्ये जो गलका झाला तो मी सांगत नाही. पार्वतम्मांनी विभूतीचं बोट माझ्या कपाळाला लावलं आणि मी लावू दिलं. मी रडले. अकरा वर्षांत शेकडो करडं हातावर घेतली आहेत, कधी डोळा ओला केला नव्हता, पण त्या दिवशी पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडले. पाच मिनिटांत दुसरं करडू आपोआप आलं, त्याला कुणाचा सल्ला लागला नाही.

“शिवरंजनी,” मी नाक पुसत म्हणाले, “आता चीक...” आणि जीभ चावली.

“पाजते, आपा,” ती म्हणाली. “मला ठावं हाय.”

दोन वाजता माझं भाषण होतं. विषय ‘यशस्वी शेळीपालनाच्या दहा गोष्टी’. कागद छापून आणला होता, तो टेबलावरच राहिला. व्यासपीठावर चढताना मी पार्वतम्मांचा फोन मागून घेतला. तिकडं शिवरंजनी अजून होती, डॉक्टर येईपर्यंत फोन बंद करू नको असं मीच सांगितलं होतं. फोन मी माइकच्या शेजारी ठेवला.

“दहा गोष्टी तुमाला पाठ हायत,” मी म्हणाले. “आज एकच सांगते. मगाशी फोनवर म्या माझ्या शेजारणीचं इचारलं. तुमी समद्या समजून गेलात. तरीपण बोलते, कारण बोलले व्हते ते भरल्या सभेत, तर हेबी भरल्या सभेतच व्हायला पायजे. ती शेजारीण म्याच. म्या, फरहाना मुनवर शेख, जळकोटची. शिवरंजनी, गेल्या साली म्या तुला बोलले, माझं चुकलं. तुला चिकाचं कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं व्हतं, आन तुझ्या गावात म्या दोन सालं गेलेच नव्हते.”

हे शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर कळलं की वर्षभर टोचत होतं ते हेच.

पुढच्या रांगेत दैवशाला माझ्याकडं टक लावून बघत होती. मला वाटलं होतं, मान खाली जाईल. गेली नाही. उलट पाठ जरा सरळच झाली आणि आवाज माझा मला मिळाला.

“आता तुमाला सल्ला,” मी म्हणाले. “शेजारीण ठेवा, माझी हरकत न्हाय. म्याबी माझ्या पैल्या शेळीला शेजारणीचीच म्हणाले व्हते. पण टेबलाशी आलात की म्या पैलं इचारणार, शेळी आत्ता कशी हाय आन तिच्यापाशी कोण हाय. त्याचं उत्तर खरं द्या. आज दोन करडांचा आन एका शेळीचा जीव त्यात अडकला व्हता. आन दुसरं. या हॉलमंदी ज्या बाईनं ‘माझी शेळी’ म्हटलं, तिला कुणी हसायचं न्हाय. म्या तर न्हायच न्हाय. म्या तसं केलं तर दैवशाला, तू माझी खुर्ची काढून घे, पाटी दुसरीला दे.”

“देईन की,” दैवशाला खालून म्हणाली, आणि तेव्हा कुठं बायका हसल्या. मीही हसले.

टाळ्या होतील असं वाटलं होतं. मला टाळ्या आवडतात, तेही लपवत नाही. पण त्याआधीच माइकमधून खरखर झाली आणि फोनमधला आवाज साऱ्या हॉलभर पसरला.

“आपा, एक इचारायचं हाय.”

“इचार.”

“धाकलं करडू काशेला लागत न्हाय. शेळी त्याला लाथ मारती. थोरल्याला जवळ घेती, ह्याला न्हाय.”

पुढच्या रांगेतल्या परंड्याच्या बाईनं, निव्वळ सवयीनं, मान वर करून विचारलं, “कुणाची शेळी म्हनं?”

“माझी,” शिवरंजनी म्हणाली.

कुणी हसलं नाही. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, नेहमीसारखं. ते मी तसंच ठेवलं, व्यासपीठावरची खुर्ची ओढली, माइकपाशी बसले आणि म्हणाले, “सांग बाई. आधी तू काय काय करून बघितलंस ते सांग.”